औषधी भांग आणि ज्येष्ठ नागरिक : आरोग्यमाहितीचे संकेतस्थळ कसे असावे?

नवी दिल्ली : कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रौढांसाठी भांगेची विक्री कायदेशीर केली, तेव्हा सार्वजनिक चर्चेचा रोख प्रामुख्याने तरुणांवर होता. पुढील काही वर्षांत रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांत मात्र एक अनपेक्षित रुग्णवर्ग वाढू लागला. एकट्या ओंटारियो प्रांतात २०१५ ते २०२२ या आठ वर्षांत ६५ वर्षे व त्यावरील व्यक्तींना भांगेच्या विषबाधेमुळे आपत्कालीन विभागात आणावे लागल्याच्या २,३२२ घटना नोंदल्या गेल्या. सुकवलेल्या फुलांची विक्री कायदेशीर झाल्यावर हे प्रमाण आधीच्या सुमारे दुप्पट झाले. जानेवारी २०२० पासून भांगयुक्त खाद्यपदार्थ दुकानांत मिळू लागल्यावर ते तिपटीवर गेले. 'जामा इंटर्नल मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात २०२४ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

भांगेचे खाद्यपदार्थ हे बहुधा चॉकलेट, बिस्किट किंवा फळांच्या स्वादाच्या मऊ गोळीच्या रूपात मिळतात. त्यांना वास नसतो, धूर होत नाही आणि ते निरुपद्रवी दिसतात. घरातील दुसऱ्या कोणाची वस्तू चुकून खाल्ली जाणे, परिणाम जाणवत नाही म्हणून पुन्हा खाणे, चालू औषधांशी तिचा संघर्ष होईल याची कल्पना नसणे, अशा मार्गांनी ज्येष्ठ व्यक्ती अडचणीत येऊ शकते. या प्रत्येक प्रसंगी उणीव असते ती वेळेवर आणि समजेल अशा रूपात मिळालेल्या माहितीची. म्हणूनच ज्या देशांत औषधी भांग कायदेशीर आहे, तेथे ज्येष्ठांसाठी आरोग्यशिक्षणाचे संकेतस्थळ कसे रचावे, हा तंत्रज्ञांपुरता मर्यादित प्रश्न राहिलेला नाही. पानावर काय आधी येते, आकडा कसा छापला जातो आणि शंका कोणत्या शब्दांत मांडली जाते, यावर रुग्णाची सुरक्षितता अवलंबून असते.

माहितीची गरज कोणाला?

ज्येष्ठांमधील भांगेचा वापर वाढतो आहे, हे अमेरिकेतील राष्ट्रीय सर्वेक्षणांतूनही दिसते. तेथील ६५ वर्षांवरील व्यक्तींपैकी वर्षभरात एकदा तरी भांग वापरलेल्यांचे प्रमाण २०१५ मध्ये २.४ टक्के होते. २०१८ मध्ये ते ४.२ टक्के झाले. नंतरच्या एका विश्लेषणानुसार, मागील महिनाभरात वापर केल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण २०२१ मधील ४.८ टक्क्यांवरून २०२३ मध्ये ७ टक्क्यांवर गेले.

या वर्गात दोन प्रकारचे लोक येतात. काहींनी १९६०-७० च्या दशकांत तरुणपणी भांग ओढलेली असते आणि आपल्याला तिची ओळख आहे, असे त्यांना वाटते. आजच्या उत्पादनांची तीव्रता त्या काळापेक्षा पुष्कळ जास्त आहे आणि आपले शरीरही आता पंचवीस वर्षांचे नाही, या दोन्ही गोष्टी त्यांच्या लक्षात येत नाहीत. दुसऱ्यांनी आयुष्यात कधीही अमली पदार्थाला हात लावलेला नसतो. गुडघेदुखी, झोप न लागणे किंवा कर्करोगावरील उपचारांचा त्रास यांमुळे ते प्रथमच या पर्यायाकडे वळतात. पहिल्याला फाजील आत्मविश्वास असतो, दुसऱ्याला संकोच. एकाच संकेतस्थळाला या दोघांशी बोलायचे असते.

कॅनडातील व्यवस्थेचे आणखी एक वैशिष्ट्य येथे महत्त्वाचे ठरते. तेथे वैद्यकीय कारणासाठी भांग मिळवण्याची सोय २००१ पासून आहे. त्यासाठी डॉक्टर किंवा अधिकारप्राप्त परिचारिकेचे पत्र लागते. मात्र माल सर्वसाधारणपणे केंद्र सरकारचा परवाना असलेल्या विक्रेत्याकडून टपालाने घरी येतो. इतर औषधे घेताना औषधविक्रेता जुन्या चिठ्ठ्या पाहतो, एखादे औषध दुसऱ्याशी जुळत नसेल तर डॉक्टरांना फोन करतो. भांगेच्या बाबतीत हा शेवटचा पहारेकरी बहुतेकदा वाटेत भेटतच नाही. जे लोक डॉक्टरांना न विचारता थेट दुकानातून खरेदी करतात, त्यांच्यासाठी तर पहिलाही पहारेकरी नसतो.

नावे आणि घटक

अशा संकेतस्थळाच्या पहिल्याच पानावर एक मूलभूत भेद स्पष्ट व्हावा लागतो. भांगेच्या झाडात शंभराहून अधिक कॅनाबिनॉइड संयुगे असतात. त्यांपैकी दोन सर्वाधिक महत्त्वाची. टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, म्हणजे टीएचसी, नशा आणते. वेदना, मळमळ आणि भूक यांवर तिचा परिणाम होतो आणि तोल, स्मरण व हृदयाची गती यांवरही होतो. कॅनाबिडायॉल, म्हणजे सीबीडी, नशा आणत नाही. परंतु यकृतातील विकरांच्या कामात ते ढवळाढवळ करू शकते. 'नशा नाही म्हणजे धोका नाही' हा सर्वांत प्रचलित गैरसमज येथूनच सुरू होतो.

दुसरा भेद उत्पादनांचा. नियामकाने तपासून मान्यता दिलेली औषधे मोजकीच आहेत. कृत्रिमरीत्या बनवलेल्या टीएचसीचे ड्रोनॅबिनॉल हे औषध अमेरिकेत १९८५ मध्ये मान्य झाले. शुद्ध सीबीडीच्या एपिडायोलेक्स या औषधाला तेथील अन्न व औषध प्रशासनाने जून २०१८ मध्ये अपस्माराच्या दोन दुर्मीळ आणि तीव्र प्रकारांसाठी मान्यता दिली. बाजारात मिळणारी तेले, गोळ्या, मलमे आणि खाद्यपदार्थ यांची अशी कसोटी झालेली नसते. 'औषधी' हा एकच शब्द या दोन्ही गटांना लावला की वाचकाला पहिल्या गटाचा विश्वास दुसऱ्या गटावर ठेवावासा वाटतो. चांगले संकेतस्थळ या दोन गटांना वेगळी पाने आणि वेगळी नावे देते.

लेबलावर जे लिहिले आहे तेच बाटलीत असेल, याचीही खात्री नसते. अमेरिकेत ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या ८४ सीबीडी उत्पादनांची तपासणी करणारा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी जेमतेम ३१ टक्के उत्पादनांवरील प्रमाण बरोबर निघाले. १८ नमुन्यांत तर टीएचसी आढळले. नशा टाळण्यासाठी जाणीवपूर्वक सीबीडी निवडणाऱ्या सत्तरीच्या गृहस्थांना भोवळ आली, तर तिचे कारण त्यांना लेबलावर सापडणार नाही.

पुराव्याची पायरी दाखवणे

औषधी भांगेबाबतची सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे पुराव्याची अनिश्चितता सामान्य वाचकापर्यंत पोहोचवणे. अमेरिकेतील राष्ट्रीय विज्ञान, अभियांत्रिकी आणि वैद्यक अकादमींनी जानेवारी २०१७ मध्ये उपलब्ध संशोधनाचा विस्तृत आढावा घेतला. प्रौढांतील दीर्घकालीन वेदना, केमोथेरपीमुळे होणारी मळमळ व उलट्या आणि मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये रुग्णाला जाणवणारा स्नायूंचा ताठरपणा, या तीन ठिकाणी उपयोगाचा भक्कम पुरावा असल्याचे त्यात म्हटले होते.

त्यानंतर चित्र अधिक गुंतागुंतीचे झाले. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य व सेवा उत्कृष्टता संस्थेने, म्हणजे 'नाइस'ने, नोव्हेंबर २०१९ मधील मार्गदर्शक सूचनांत दीर्घकालीन वेदनांसाठी टीएचसी देऊ नये, असे सांगितले. सीबीडी द्यायचेच तर ते वैद्यकीय चाचणीच्या चौकटीत द्यावे, असे म्हटले. आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेनेही २०२१ मध्ये, वेदनांवर भांगेच्या सर्वसाधारण वापराला पाठिंबा देण्याइतका पुरावा नाही, अशी भूमिका घेतली. त्यामुळे एकाच प्रश्नावर दोन प्रतिष्ठित संस्थांची उत्तरे वेगळी दिसतात.

दुसरीकडे रुग्णांचे अनुभव उत्साहवर्धक आहेत. इस्रायलमध्ये २०१५ ते २०१७ या काळात औषधी भांग घेणाऱ्या ६५ वर्षांवरील २,७३६ रुग्णांचा अभ्यास झाला. सहा महिन्यांनंतर प्रश्नावलीला उत्तर देणाऱ्यांपैकी ९३.७ टक्के लोकांनी प्रकृतीत सुधारणा झाल्याचे सांगितले. वेदनेच्या तीव्रतेचा मध्यक दहापैकी आठवरून चारवर आला. १८.१ टक्के रुग्णांनी अफूवर्गीय वेदनाशामके बंद केली किंवा त्यांची मात्रा कमी केली. दुष्परिणामांत चक्कर ९.७ टक्के आणि तोंडाला कोरड ७.१ टक्के लोकांना जाणवली.

हे आकडे खरे आहेत. परंतु ते एकटे छापले तर वाचकाची दिशाभूल करतात. या अभ्यासात तुलनेसाठी औषध न घेणारा गट नव्हता. ज्यांना त्रास झाला किंवा गुण आला नाही, त्यांनी उपचार मध्येच सोडला असल्यास त्यांचा आवाज शेवटच्या टक्केवारीत कमी ऐकू येतो. विक्रेत्याच्या संकेतस्थळावर '९३ टक्क्यांना गुण' एवढेच झळकते. आरोग्यशिक्षणाच्या संकेतस्थळाने त्या आकड्याच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत, ही मर्यादाही सांगितली पाहिजे. प्रत्येक आजारासमोर 'चांगला पुरावा आहे', 'पुरावा अपुरा किंवा परस्परविरोधी आहे' आणि 'उपयोगाचा पुरावा नाही' यांपैकी एक वाक्य आले, तर वाचकाला संख्याशास्त्र न शिकताही आपले स्थान कळते.

उतारवयातील शरीर

ज्येष्ठांसाठी वेगळे संकेतस्थळ कशाला, या प्रश्नाचे उत्तर शरीरशास्त्रात आहे. वय वाढते तसे शरीरातील चरबीचे प्रमाण वाढते आणि यकृत व मूत्रपिंडाची कार्यक्षमता घटते. टीएचसी चरबीत साठणारे असल्याने ते शरीरात अधिक काळ रेंगाळू शकते. बसलेल्या स्थितीतून उठताना रक्तदाब एकदम घसरतो, नाडी वाढते, डोके हलके होते. तिशीतील माणूस अशा वेळी खुर्ची धरून सावरतो. ऐंशीच्या आजी न्हाणीघराच्या दारात पडतात, खुब्याचे हाड मोडते आणि त्यांचे स्वावलंबन तेथेच संपू शकते. ज्यांना आधीच विस्मरणाचा आजार आहे, त्यांच्यात गोंधळ आणि अस्वस्थता वाढण्याची भीती असते. ओंटारियोच्या नोंदींतही विषबाधा झालेल्यांपैकी सुमारे सहांतील एकाला स्मृतिभ्रंश होता.

दुसरा मुद्दा चालू औषधांचा. उतारवयात रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, सांधेदुखी आणि निद्रानाश यांच्या गोळ्या एकाच डबीत असतात. सीबीडी यकृतातील काही विकरांना रोखते आणि त्यामुळे वॉरफेरिनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या औषधाची रक्तातील पातळी वाढून रक्तस्रावाचा धोका निर्माण होऊ शकतो. अशी प्रकरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत. अपस्मारावरील क्लोबाझमचा परिणामही त्यामुळे तीव्र होतो. झोपेच्या गोळ्या, अफूवर्गीय वेदनाशामके आणि मद्य यांच्यासोबत टीएचसी घेतल्यास गुंगी वाढते. याची यादी संकेतस्थळाच्या तळाशी 'अधिक माहिती'च्या दुव्यामागे ठेवणे योग्य नाही. 'आपण सध्या कोणती औषधे घेता?' हा प्रश्न उपयोगांच्या पानाआधी यायला हवा.

घड्याळ आणि मात्रा

सर्वाधिक अपघात ज्या एका गैरसमजातून होतात, तो वेळेचा आहे. भांग धुराच्या रूपाने घेतल्यास काही मिनिटांत परिणाम जाणवतो. तीच खाल्ल्यास परिणाम सुरू होण्यास साधारण अर्धा तास ते दोन तास लागतात, त्याचा जोर त्यानंतर काही तासांनी शिगेला पोहोचतो आणि तो रात्रभर टिकू शकतो. पाऊण तास झाला, काहीच जाणवले नाही, म्हणून दुसरी गोळी तोंडात टाकली जाते आणि नंतर दोन्ही गोळ्यांचा परिणाम एकत्र अंगावर येतो.

हे वाक्यांत सांगता येते. पण घड्याळाच्या चित्रातून ते अधिक नीट समजते. सायंकाळी सात वाजता घेतले, नऊपर्यंत काही न जाणवणे शक्य आहे, रात्री अकरा वाजता अंधारात उठताना तोल जाऊ शकतो, आणि सकाळीही गाडी चालवू नये, असा एका संध्याकाळचा आलेख ज्येष्ठ वाचक आपल्या दिनक्रमाशी जोडू शकतो.

मात्रेचेही असेच आहे. कॅनडात खाद्यपदार्थाच्या एका पाकिटात जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम टीएचसी असण्याची मर्यादा आहे. नवख्या व्यक्तीने २.५ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी मात्रेने सुरुवात करावी, असे तेथील आरोग्य खाते सांगते. म्हणजे कायदेशीर दुकानातील, नियमांत बसणारे एक चॉकलेट अख्खे खाल्ले, तर ती सुरुवातीच्या मात्रेच्या चौपट होऊ शकते. त्याचे चार तुकडे करण्याचे चित्र दाखवणे हे लांबलचक इशाऱ्यापेक्षा उपयुक्त ठरते.

तेलाच्या बाबतीत मिलिलिटर आणि मिलिग्रॅम यांचा घोळ होतो. समजा, एका मिलिलिटर तेलात २० मिलिग्रॅम घटक आहे. पाच मिलिग्रॅमसाठी पाव मिलिलिटर पुरते. 'पाच' हा आकडा लक्षात राहून कोणी पाच मिलिलिटर, म्हणजे छोटा चमचाभर तेल घेतले, तर मात्रा १०० मिलिग्रॅम होते. थेंबाचा आकारही बाटलीगणिक बदलतो. म्हणून खुणा असलेल्या पिचकारीचे छायाचित्र आणि 'आधी बाटलीवरील तीव्रता वाचा' ही पहिली पायरी, हे अशा पानाचे केंद्र असावे. किती घ्यायचे, हे मात्र डॉक्टरांनीच ठरवायचे आहे. संकेतस्थळाचे काम ठरलेली मात्रा बरोबर मोजली जाईल, एवढे पाहण्याचे आहे.

डोळ्यांना आणि हातांना सोयीचे पान

ज्येष्ठांसाठी संकेतस्थळे कशी असावीत, याविषयी अमेरिकेतील राष्ट्रीय वार्धक्य संस्था आणि राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालय यांनी या शतकाच्या प्रारंभीच मार्गदर्शिका तयार केली. अक्षरे १२ ते १४ पॉइंटची आणि साध्या वळणाची असावीत, पिवळा, निळा आणि हिरवा हे रंग शेजारी ठेवू नयेत, अशा तिच्यातील सूचना आजही लागू पडतात. मोतीबिंदू आणि वयोमानाने पिवळसर झालेले नेत्रभिंग यांमुळे हे रंग एकमेकांत मिसळतात. भांगेच्या संकेतस्थळांवर हिरव्या रंगाची आणि पानाच्या चित्राची हौस फार असते. हिरव्या पार्श्वभूमीवर फिकट हिरवी अक्षरे बाजारात शोभतात. आरोग्यशिक्षणात ती अडथळा ठरतात.

आंतरराष्ट्रीय सुगम्यता निकषांनुसार नेहमीच्या मजकुरात अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ ला १ असावे, मजकूर दुप्पट मोठा केला तरी पान मोडू नये. ऑक्टोबर २०२३ मधील सुधारित आवृत्तीने, ज्यावर बोट टेकवायचे ते चिन्ह किमान २४ बाय २४ पिक्सेलचे असावे, अशी अट घातली आहे. कंपवात असलेल्या हाताला त्याहून मोठे बटण लागते. आपोआप सरकणारी चित्रे, मध्येच उघडणाऱ्या चौकटी आणि ठरावीक वेळेत बंद होणारे अर्ज हे सर्व टाळण्यासारखे आहे. छापून घेता येईल असे पान मात्र अवश्य असावे, कारण डॉक्टरांकडे जाताना अनेक ज्येष्ठ आजही कागदच बरोबर नेतात.

भाषा सोपी असावी, याचा अर्थ ती बालिश असावी असा नाही. रुग्णांसाठीचा मजकूर सहावीच्या विद्यार्थ्याला समजेल अशा पातळीचा असावा, अशी अमेरिकन मेडिकल असोसिएशनची शिफारस आहे. वाक्ये लहान आणि शब्द नित्याचे ठेवले की ती साधते. 'आजोबा-आजींनो' अशी लाडीक हाक मारण्याची त्यासाठी गरज नाही. ज्यांनी संसार, नोकरी, शेती सांभाळली, त्यांना निर्णय घेता येतो; त्यांना हवी असते ती निर्णयाला पुरेल एवढी माहिती.

लज्जेचा प्रश्न याहून नाजूक आहे. अनेक ज्येष्ठ डॉक्टरांपासून भांगेचा वापर लपवतात. आपल्याला व्यसनी समजले जाईल, ही भीती त्यामागे असते. इशाऱ्यांनी भरलेले पान ही भीती वाढवते, तर आनंदी चेहऱ्यांच्या छायाचित्रांनी सजलेले पान धोका झाकते. कॅनडातील ज्येष्ठांच्या मानसिक आरोग्यासाठी काम करणाऱ्या राष्ट्रीय आघाडीने २०१९ मध्ये वृद्धांमधील भांगेच्या व्यसनविकारावर स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. उपचार आणि व्यसन या दोन शक्यतांविषयी एकाच संकेतस्थळावर, दोषारोप न करता बोलता आले पाहिजे. 'डॉक्टरांना हे कसे सांगावे?' या शीर्षकाखाली दोन-तीन तयार वाक्ये दिली, तरी पुष्कळांची अडचण दूर होईल.

बोलणारा कोण?

वाचकाने विश्वास ठेवण्यापूर्वी तीन गोष्टी त्याला पहिल्या दृष्टिक्षेपात दिसायला हव्यात : मजकूर कोणी लिहिला व तपासला, पैसा कोणाचा आहे आणि शेवटची दुरुस्ती कधी झाली. उत्पादकाच्या पैशाने चालणारे 'शैक्षणिक' संकेतस्थळ सहसा खोटे बोलत नाही. ते काही गोष्टी सांगायचे टाळते. जुन्या मानचिन्हांवरही आता विसंबता येत नाही. आरोग्य संकेतस्थळांना प्रमाणित करणारी जिनिव्हातील 'हेल्थ ऑन द नेट' ही संस्था डिसेंबर २०२२ मध्ये बंद झाली, तिचे चिन्ह मिरवणारी पाने मात्र अजूनही कोठे कोठे आढळतात.

संकेतस्थळ तयार झाल्यावर त्याची खरी परीक्षा ज्येष्ठांसमवेत बसूनच होते. 'पान आवडले का?' असे विचारल्यास बहुतेक जण सौजन्याने होकार देतात. त्याऐवजी एखादे काम सोपवावे : 'रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्याने काय करावे, ते शोधून आपल्या शब्दांत सांगा.' वाचणाऱ्याला उत्तर सांगता आले नाही, तर चूक पानाची समजावी. डॉक्टर रुग्णाला सूचना परत सांगायला लावतात, तीच ही पद्धत.

भारतीय वाचकासाठी

भारतात या विषयाची चौकट निराळी आहे. अमली औषधे आणि मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ कायदा, १९८५, म्हणजे एनडीपीएस कायदा, चरस आणि गांजा यांवर बंदी घालतो. गांजाच्या व्याख्येत फुलोऱ्याचे शेंडे येतात. शेंड्यांशिवायची पाने आणि बिया तीत येत नाहीत. त्यामुळे पानांच्या भांगेचे नियमन राज्यांकडे जाते आणि ते राज्यागणिक बदलते. महाराष्ट्रात दारूबंदी कायद्यानुसार परवान्याविना भांग बाळगता येत नाही. भांगेच्या बियांना आणि बियांच्या तेलाला भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२१ मध्ये अन्न म्हणून मान्यता दिली. पण ते औषध नव्हे.

आयुर्वेदात या वनस्पतीला विजया म्हणतात. शार्ङ्गधरसंहितेत तिचा उल्लेख आहे आणि जातीफलादि चूर्णासारख्या कल्पांत ती असते. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ई-१ अनुसूचीत, म्हणजे विषारी द्रव्यांच्या यादीत, भांगेचा समावेश आहे. अशा द्रव्याच्या औषधावर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' अशी सूचना छापणे बंधनकारक असते. विजयायुक्त तेले आता घरबसल्या मागवता येतात. 'आयुर्वेदिक आहे, अपाय होणार नाही' या समजुतीने ती रक्तदाबाच्या गोळ्यांशेजारी ठेवली जातात, तेव्हा ओंटारियोतील प्रश्न आपल्याही घरी आलेला असतो. २०११ च्या जनगणनेनुसार देशात ६० वर्षांवरील नागरिक १०.३८ कोटी होते. त्यांच्यासाठी भारतीय भाषांत या विषयावर निःपक्ष माहिती असणे, ही आता चैनीची बाब नाही.

मराठीत असे संकेतस्थळ रचताना अनुवादाने भागणार नाही. गांजा म्हटले की व्यसन आठवते, भांग म्हटले की होळी, विजया म्हटले की शास्त्र आणि कॅनाबिस म्हटले की परदेशी प्रयोगशाळा. एकाच झाडाची ही चार नावे चार वेगळे ग्रह निर्माण करतात. म्हणून पहिल्या पानावर चारही नावे देऊन, ती एकाच वनस्पतीशी निगडित आहेत हे सांगावे लागेल; शोध घेणारा यांपैकी कोणताही शब्द टाइप करू शकतो. देवनागरीत मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे यांमुळे ओळींमध्ये अधिक अंतर लागते. लहान टाइपात १ आणि ९ यांची गल्लत होते, दशांश चिन्ह दिसेनासे होऊन २.५ चे २५ होऊ शकतात. मात्रा सांगताना आकड्यासोबत 'अडीच मिलिग्रॅम' असे अक्षरीही लिहिणे, हा साधा आणि परिणामकारक उपाय आहे.

परदेशातील मुला-नातवंडांकडे जाणाऱ्या मराठी ज्येष्ठांसाठी आणखी दोन ओळी आवश्यक ठरतात. कॅनडात कायदेशीर खाद्यपदार्थांच्या पाकिटावर लाल अष्टकोनात भांगेचे पान आणि टीएचसीची अक्षरे असलेले प्रमाणित चिन्ह असते. स्वयंपाकघरातील किंवा फ्रिजमधील अनोळखी मिठाईवर ते शोधावे. तेथे कायद्याने विकत घेतलेले तेलही कॅनडाची सीमा ओलांडून नेणे हा गुन्हा आहे आणि ते भारतात आणल्यास येथील एनडीपीएस कायदा लागू होऊ शकतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीने यात सूट मिळेल, असे गृहीत धरू नये.

अशा संकेतस्थळाचे यश भेटींच्या संख्येने मोजता येणार नाही. ते वाचून उठलेली व्यक्ती पाच प्रश्न लिहिलेला कागद घेऊन डॉक्टरांकडे गेली, तर त्याचे काम झाले : माझ्या आजारावर याचा पुरावा किती आहे? माझ्या चालू औषधांशी हे जुळते का? यात टीएचसी किती आणि सीबीडी किती? परिणाम कधी सुरू होईल आणि किती वेळ राहील? त्रास झाल्यास मी कोणाला फोन करू? पाचव्या प्रश्नाचे उत्तर म्हणून त्या कागदावर जवळच्या रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक ठळक अक्षरांत लिहिलेला असावा.